शिमग्यात मोजलेलं गाव

वरंध घाट उतरायला लागलो तशी मी गाडीची काच खाली केली आणि राबाचा धूर आत आला. ज्यांनी राब पाहिलेला नाही त्यांना सांगते. पावसाळ्यात भाताची रोपं ज्या वाफ्यात करायची, तो वाफा आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला भाजून काढतात. झाडांची कवळं, म्हणजे पाल्यासकट कोवळ्या फांद्या, तोडायची, ती वाळवायची, त्यावर पालापाचोळा आणि शेणी पसरायच्या आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन काडी लावायची. फाल्गुनात सगळ्या डोंगरउतारांवर असे काळे चौकोन दिसतात आणि धूर दिवसभर दरीत रेंगाळत असतो. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, काच लावा, डोळे चुरचुरतील." मी म्हटलं, "चुरचुरू देत की." त्याने एकदा आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या बाजूची काच लावून घेतली.

पुण्यात मी ज्या मजल्यावर काम करते तिथे ऋतू नाहीत. मजल्याला खिडकी नाही. कंपनीची यंत्रं कपाटांत ओळीने उभी असतात आणि त्यांना उकडू नये म्हणून बारा महिने तीच थंडी. ऐन वैशाखात आम्ही स्वेटर घालून बसतो. बाहेर आंबा मोहरला काय किंवा गारा पडल्या काय, आम्हाला ते घरी जाताना रस्त्यावर कळतं. अशा ठिकाणी वर्षं कशी जातात ते समजत नाही हो. म्हणून मला ऋतू आठवायचा झाला की एकच आठवतो, आणि तो महाडचा. दोन हजार सालाच्या आगेमागे कधीतरी मी जो माघ-फाल्गुन तिथे काढला, तो.

त्या वेळी मी मुंबईत होते आणि आमच्या साहेबांच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. खूळ म्हणते, पण मला ते मनापासून पटलेलं होतं. महाडहून पोलादपूरला कुणी ई-मेल धाडली तर ती आधी मुंबईला जायची, तिथून बहुतेक वेळा समुद्र ओलांडून अमेरिकेत, आणि मग आल्या वाटेने परत मुंबईला येऊन पोलादपुरात उतरायची. एसटीने जाल तर अर्ध्या-पाऊण तासाची वाट! साहेबांचं म्हणणं असं, की लहान गावांत एकेक खोली बांधावी. त्या भागातल्या सगळ्या इंटरनेटवाल्यांच्या तारा त्या खोलीत एकत्र आणाव्यात, शेजारी यंत्रांची चार कपाटं ठेवावीत, म्हणजे गावातली देवघेव गावातच होईल. मोठ्या शहरांत याला एक्स्चेंज म्हणतात, डेटा सेंटर म्हणतात. आम्ही आपली 'खोली'च म्हणायचो. पहिल्या खोलीसाठी दोन गावं विचारात होती. एक घाटावरचं, दुसरं महाड. महाडची पाहणी माझ्याकडे आली, कारण माझं घर तिथे होतं आणि कंपनीचा लॉजचा खर्च वाचत होता.

घरी फक्त अण्णा होते. माझे वडील. कोर्टात नाझर म्हणून निवृत्त झालेले. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. स्वयंपाक ते स्वतः करायचे आणि बरा करायचे, फक्त आमटीत गूळ जास्त पडायचा. दोन्ही खोल्यांत दोन रेडिओ लावून ठेवायचे, एकच स्टेशन, म्हणजे इकडून तिकडे जाताना बातम्यांत खंड पडायला नको. आणि रोज संध्याकाळी डेपोत जाऊन उभे राहायचे. मुंबईची गाडी लागली, पुण्याची लागली, की कोण कोण उतरतंय ते बघायचं, ओळखीचं कुणी असलं तर दोन शब्द बोलायचे आणि घरी यायचं. लोक चिडवायचे, "काय नाझरसाहेब, डेपोचे कंट्रोलर झालात काय?" अण्णा हसायचे. मी आले त्या दिवशीही ते तिथेच उभे होते. मी येणार हे मी कळवलं नव्हतं. मला उतरताना पाहून त्यांनी आधी पिशवी घेतली आणि मग विचारलं, "किती दिवस?"

"दोन महिने तरी," म्हटलं, आणि गल्लीत पोचेपर्यंत त्यांनी ते पाच जणांना सांगितलं.

खोली म्हणजे काय ते मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी समजावलं. ते दाढी करत होते. सगळं ऐकून घेतलं, गाल पुसला आणि म्हणाले, "म्हणजे तालुक्याच्या गावात कोर्ट असावं, तसं. दर तारखेला हायकोर्टात धावायला नको."

"हो, तसंच."

"मग व्हायलाच हवं. आणि झाली तर ती बघायला माणूस लागेल ना कुणीतरी?"

लागणारच होता. आणि तो माणूस मी, असं साहेबांनी मला निघतानाच सांगून ठेवलं होतं. महाडात खोली झाली तर मी महाडात राहणार, आपल्या घरात, अण्णांबरोबर. नाही झाली तर परत मुंबई, परत ती भाड्याची जागा, परत दिवाळीला चार दिवस. इतकं सरळ होतं ते. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असं होय," आणि आरसा खुंटीला लावायला गेले. लावायला पुष्कळ वेळ लागला त्यांना.

काय दिवस होते ते! पहाटे सावित्रीवर धुकं असायचं. ते वर चढेपर्यंत पलीकडचा काठ दिसायचा नाही, फक्त कपडे आपटल्याचे आवाज यायचे. नऊ वाजेतो ऊन तापायचं. हायवेला गोव्याकडचे ट्रक सुरू व्हायचे. वारा फिरला की एमआयडीसीतल्या कारखान्यांचा कडवट वास गावावर यायचा आणि बायका दोरीवरचे कपडे काढून घ्यायच्या. दुपारी डोंगराकडून कवळाचे भारे घेऊन बायका उतरायच्या, डोक्यावरच्या पाल्याने त्यांची तोंडंही दिसायची नाहीत. अण्णा उन्हाची छत्री घेऊन माझ्याबरोबर यायचे. "तुम्ही कशाला?" म्हटलं की म्हणायचे, "ओळखी माझ्या आहेत, तुझ्या नाहीत." आणि ते खरंच होतं. जागा शोधायची तर महाडात पहिला प्रश्न पुराचा. कुणालाही विचारा, इथे पाणी किती चढतं, की तो माणूस तोंडाने सांगत नाही, अंगावर हात लावून दाखवतो. एकाने गुडघा दाखवला, दुसऱ्याने त्याच भिंतीला कंबर दाखवली, तिसरा बुटका होता त्याने गळा दाखवला. अण्णा म्हणाले, "साक्षीत विसंगती आहे," आणि आम्ही दोघं रस्त्यात उभं राहून हसलो. शेवटी हायवेच्या वरच्या अंगाला, एका भाताच्या गिरणीमागे, टेकाडावर एक पक्की रिकामी खोली मिळाली. तिथे पाणी कधीच आलेलं नव्हतं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

तेव्हा मी जशी हसले तशी त्यानंतर फार वेळा हसले नाही. पुण्यातली माणसं वाईट नाहीत, पण त्यांच्याशी बोलायला विषय लागतो.

जागा झाली, विजेचं जमेल असं वाटत होतं. राहिलं तिसरं, आणि साहेबांच्या लेखी तेच महत्त्वाचं. ते म्हणजे वर्दळ. गावातल्या गावात, या भागातल्या या भागात, माणसं एकमेकांशी किती बोलतात? सगळी वर्दळ मुंबईकडेच जात असेल तर खोलीचा उपयोग काय? म्हणून एक आठवडा मोजणी करायची होती. दिनूच्या इंटरनेट कॅफेत, एमआयडीसीतल्या तीन-चार कारखान्यांच्या ऑफिसांत आणि पोलादपूरच्या एका एसटीडी बूथमध्ये मोजणीची यंत्रं लावायची, आणि कुठलं बोलणं कुठे जातं ते बघायचं. फोनही मोजायचे, कारण आज जे फोनवर बोलतात तेच उद्या ई-मेल करणार, असं साहेबांचं गणित. दिनू हा आमचा केबलवाला. घराघरांत टीव्हीची वायर त्यानेच नेलेली आणि नुकतेच दोन कॉम्प्युटर टाकून त्याने कॅफे सुरू केला होता. खोली झाली तर त्याचाच सगळ्यांत जास्त फायदा. "ताई, तू फक्त बोल," तो म्हणायचा, "काय लागल ते आपन करू. टेन्शन नाय घ्यायचा."

पोलादपूरला बूथवाल्याला भेटायला गेले तिथे शेवंताकाकी दिसली. शेवंताकाकी म्हणजे आईची बाजारची मैत्रीण. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. महाडच्या बाजाराला आली की आमच्या ओट्यावर टोपली उतरवायची, पाणी प्यायची, आईशी तासभर बोलायची. आता फोनसाठी रांगेत उभी होती, हातात मुठीत नाणी.

"काय गो वीणे, तू कवा आलीस? नि ही यंत्रा कसली?"

मी सांगितलं. तिला ते जरा कमी समजलं, पण तिने मला जे सांगितलं ते मला पुरतं समजलं. तिची मुलगी वरंधाजवळ दिलेली. तिथल्या वाण्याकडे फोन होता. पण काकी मुलीला फोन करत नसे. ती मुंबईला मुलाला लावायची, "बायला सांग, शेळी व्याली," आणि फोन ठेवायची. मग मुलगा त्याच्या शेटच्या फोनवरून वरंधच्या वाण्याला लावायचा, वाणी मुलीला हाक मारायचा, आणि मुलगी काय म्हणाली ते पुढच्या बाजारच्या दिवशी काकीला मुंबईहून कळायचं.

"अगो पण सरळ का नाही लावत? इथून वरंध काय लांब आहे?"

"वाणी मेला पोरीला हाक मारायला जाईपर्यंत माझं मीटर चालतंय ना! तो लावतो ते शेटच्या फोनान. त्याला काय जातंय?" मग जरा थांबून म्हणाली, "नि त्या निमतान पोराचा आवाज ऐकते गो. शेळीचा कोनाला पडलाय."

आता बोला! मी तिला काय सांगणार होते, की तुझी शेळी मुंबईमार्गे जाते हे चुकीचं आहे, आमच्या तांत्रिक भाषेत अकार्यक्षम आहे? मी तिला तिथल्या टपरीवर चहा पाजला. तिने बशीतून प्यायला आणि म्हणाली, "तुजी ती खोली झाली की तू हितंच रवनार?" म्हटलं, हो. "मंग होऊ दे. नाझर लय सुकलेत."

रोज बघणाऱ्याला दिसत नाही ते तिला दिसलं होतं. त्या संध्याकाळी मी अण्णांना डेपोत जाऊ दिलं नाही, तळ्याकडे घेऊन गेले. कठड्यावर बसलो. समोर पाण्यावर उजेड कमी कमी होत होता, पोरं सायकली फिरवत होती. अण्णा एकदम म्हणाले, "होईल ना गं तुझी खोली?"

"बघू. मोजणी कशी येते त्यावर आहे."

"झाली तर बरं होईल. मला फार एकटं वाटतं, वीणे."

माझ्याकडे न बघता म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी असलं वाक्य उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. मी काही बोलायच्या आत ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चल, डास झाले."

मोजणीचा आठवडा कुठला घ्यायचा ते साहेबांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी साधारण फेब्रुवारीअखेरचा घेणार होते. अण्णा म्हणाले, "छे, छे! शिमग्याचा घे."

"शिमग्याचा?"

"अगं, आत्ता गावात आहे कोण? निम्मी घरं बंद. शिमग्याला मुंबई रिकामी होऊन इथे येते. वाडीवाडीत माणूस मावत नाही. सगळे नोकरीवाले, शिकलेले. गाव भरलेलं दिसलं पाहिजे तुझ्या साहेबांना. साक्षीदार जितके जास्त, तितकी केस भक्कम. इतकी वर्षं कोर्टात काय मी गवत उपटलं?"

मला ते पटलं. मला वाटलं, मुंबईची माणसं येतील, त्यांना ई-मेलची सवय, ती दिनूकडे गर्दी करतील, वाडीहून महाडला, महाडहून पोलादपूरला फोन होतील, कोण कुठल्या गाडीने आलं, कुणाची पालखी कधी. बाहेरचा कुणी असता तर त्याने आपला साधा आठवडा घेतला असता. आम्हालाच गाव भरलेलं दाखवायचं होतं. तारीख कळवली, यंत्रं लावली, आणि अण्णांनी स्वतः जाऊन प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावलं. कारखान्यातल्या मॅनेजरने विचारलं तेव्हा म्हणाले, "असू द्या."

आणि गाव भरलं हो! काय भरलं! एसटीच्या जादा गाड्या रात्रंदिवस येत होत्या, टपावर पिशव्या, खिडकीतून बाहेर लटकलेली पोरं. वर्षभर कुलूप असलेल्या घरांतून धूर निघायला लागला. ढोल सुरू झाले. पालखी खांद्यावर घेऊन माणसं घराघरांत नेत होती, अंगणात नाचवत होती, बायका ओटी भरत होत्या, नवस फेडत होत्या. आमच्या अंगणात पालखी आली तेव्हा अण्णांनी तिला खांदा दिला. ते वयाने वाकलेले, बाकीचे तरणे, त्यामुळे त्यांच्या बाजूला पालखी खाली यायची आणि सगळे ओरडायचे, "नाझर, वर, वर!" अण्णांच्या टोपीवर गुलाल होता. त्यांनी मला ओरडून विचारलं, "मोजतेयस ना?"

मी दिनूच्या कॅफेकडे गेले. शटर बंद. घरी गेले तर दिनू ढोल गळ्यात अडकवून अंगणात. म्हटलं, "दिनू, अरे, या आठवड्यात कॅफे चालू ठेवायचा असं ठरलं होतं ना?"

"ताई, देव दारात आलाय नि मी काय कॉम्प्युटरफुडं बसू?" तो खरंच गोंधळला होता. "नि उघडला तरी येनार कोन? सगले हितं हायत."

कारखान्यांत गेले. निम्मे कामगार शिमग्याच्या सुट्टीवर, पाळ्या कशाबशा चालू, ऑफिसात एक कारकून पेंगत होता. मग पोलादपूरला बूथवर. तिथली रोजची रांग नव्हती. बूथवाला बाहेर स्टूल टाकून पान लावत होता. म्हणाला, "शिमग्यात आपला धंदा बसतोच. ज्यांना फोन लावायचा ती मानसाच घरी हायत." रस्त्यातच शेवंताकाकी भेटली. तिच्याबरोबर मुंबईचा मुलगा होता, वरंधची मुलगी होती, मुलीचं तान्हं होतं. तिघं एकदम बोलत होती आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. काकीने माझ्या हातावर नारळाचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "कसा चाललाय तुजा मोजमाप?"

बूथवर परत येऊन मी तिथलं यंत्र उघडून बघितलं, कारखान्यांतली आधीच बघून आले होते. जवळजवळ काही नव्हतं. मुंबईकडेही नाही, गावातल्या गावातही नाही. गाव भरलेलं असताना त्याच्या तारा मोकळ्या होत्या, कारण सगळी माणसं एकमेकांच्या समोर उभी होती. हे मला त्या क्षणी कळलं आणि मी तिथेच बूथवाल्याच्या स्टुलावर बसले. रडू आलं मला. भर शिमग्यात, ढोलाच्या आवाजात, रस्त्यावर. कुणाच्या लक्षात आलं नाही, गुलालाने सगळ्यांचेच डोळे लाल होते.

साहेबांना मी फोनवर सांगितलं, सणाचा आठवडा होता, पुन्हा मोजू द्या. ते माणूस म्हणून चांगले होते, पण त्यांनाही वर कुणाला तरी आकडे दाखवायचे होते. "वीणा, घाटावरच्या गावाचे आकडे आलेत आणि चांगले आलेत. तुझ्याकडे तर काहीच नाही. ते लोक बोलतच नाहीत का एकमेकांशी?" बोलतात हो, साहेब. इतकं बोलतात की तुमच्या तारेची गरज पडत नाही. पण हे त्यांना कसं लिहून देणार? आणि खरं सांगायचं तर सणानंतर मोजलं असतं तरी काय निघालं असतं? सगळं बोलणं मुंबईकडे. ज्या गावातली बोलायची माणसंच बाहेर गेलीत, तिथे गावातली वर्दळ आणायची कुठून? अण्णांचं कुणाशी बोलणं व्हायचं? माझ्याशी, मुंबईला, रविवारी. तेही त्या आकड्यांत बाहेरच्याच रकान्यात पडलं असतं.

अण्णांना मी खरं कारण सांगितलं नाही. सांगूच शकत नव्हते. आठवडा त्यांनी सुचवला होता, आणि त्यांना त्यातून दुसरं काही नको होतं, फक्त मी घरी हवी होते. मी सांगितलं, "विजेमुळे झालं नाही. इथे भारनियमन फार, यंत्रांना सलग वीज लागते." त्यांनी मान हलवली. "म्हणजे मोजणी बरी आली होती?"

"चांगली आली होती, अण्णा."

"तरी मी म्हणत होतो," ते म्हणाले. "विजेचं काय, ते आज ना उद्या सुधारेल."

या बोलण्याचा मला आजही पस्तावा नाही. पुन्हा तसंच सांगेन. पण त्यानंतर काय झालं ते ऐका. मी मुंबईला गेले आणि अण्णांनी वीज सुधारायला घेतली. कोर्टातल्या माणसाला अर्ज करायला शिकवावं लागत नाही. दर महिन्याला वीज मंडळाच्या ऑफिसात एक अर्ज. विषय, संदर्भ, मागील अर्जाचा क्रमांक, सगळं व्यवस्थित. डेपोत जायच्या आधी ते आता तिथे थांबायचे. साहेबलोक बदलून गेले, नवे आले, नव्यांना आधीच्यांनी सांगून ठेवलेलं असायचं की एक नाझर येतील, त्यांना चहा द्या. रविवारी फोनवर मला सांगायचे, "आता दुपारी दोनच तास जातात. पूर्वी चार जायचे. तुझ्या साहेबांना सांगून ठेव." मी म्हणायचे, सांगते. मग मुंबईहून पुण्याला बदली झाली, त्या बिनखिडक्यांच्या मजल्यावर. तिथे वीज कधीच जात नाही. गेली तरी आम्हाला कळत नाही, आपोआप जनरेटर लागतो. एकदा रात्रपाळीत मी एकटी त्या कपाटांमध्ये उभी होते, सगळे दिवे लुकलुकत होते, देशभरातली माणसं माझ्या आजूबाजूने एकमेकांशी बोलत होती, आणि मला अण्णांची इतकी आठवण झाली की मी स्वेटरच्या बाहीने तोंड दाबून धरलं. तेव्हाच फोन करायला हवा होता, असं म्हणणार होते, पण इतक्या रात्री ते झोपलेले असणार.

अण्णा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. माघातच गेले. शेजाऱ्यांनी पुण्याला कळवलं, मी याच घाटाने गेले. दिवस झाल्यावर भेटायला आलेल्यांत वीज ऑफिसातला एक वायरमन होता. म्हणाला, "साहेब अर्ज करायचे, आम्ही कंटाळायचो. आता कोण येत नाय, तर चुकल्यासारखं वाटतं." घर मी नंतर विकलं. विकू नको म्हणून सांगणारे बरेच होते, त्यातलं राहायला येणारं कुणी नव्हतं. शेवंताकाकीला मुलगा मुंबईला घेऊन गेला, नालासोपाऱ्याला. फोनवर म्हणाली, "हितं लय मानसा हायत गो, पन वलखीचा एक नाय." दिनूचं केबल एका मोठ्या कंपनीने घेतलं आणि तो पनवेलला गेला, तिथे त्याचं दुकान आहे म्हणे.

आणि या वर्षी, बघा, कंपनीने खोली मंजूर केली. लहान शहरांचं वारं पुन्हा आलंय. आता घरोघरी इंटरनेट आलंय, मोबाइल आलेत, गावातल्या गावात शाळा, दवाखाने, बँका, दुकानं एकमेकांना काही ना काही धाडतात. मोजायला कुणी गेलंच नाही, आकडे पुण्यात बसूनच दिसतात आणि चांगले आहेत. विजेचा प्रश्न आलाच नाही. भाताची गिरणी बंद पडली होती, त्यामागची टेकाडावरची ती खोली अजून पक्की होती. ती जागा मीच सुचवली. मग सगळे म्हणाले, उद्घाटनाआधीच्या चाचणीला वीणाताईच जाऊ देत, त्यांचं गाव आहे.

म्हणून मी परवा घाट उतरून आले. गावात शिरताना डेपो लागला. मुंबईची गाडी नुकती लागली होती, माणसं उतरत होती. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं नाही.

खोली छान झालीय. रंगाचा वास येत होता. चार कपाटं, खाली जाळीची फरशी, आणि तीच आमची थंडी. आमच्या कंपनीचे शिंदे आठ दिवस इथे राहून जोडणी करत होते. मराठवाड्याकडचे आहेत, हाताला गुण आहे. त्यांनी सगळ्या तारा दाखवल्या. ही या कंपनीची, ही त्या कंपनीची, आणि इथे त्या एकमेकींना भेटतात. पूर्वी मुंबईला जाऊन भेटायच्या. बाहेर गिरणीच्या अंगणात कुणी ढोल वाजवून बघत होतं, शिमगा चार दिवसांवर होता. मी स्वेटर आणला नव्हता, मला थंडी वाजायला लागली. मनात म्हटलं, अण्णा, झाली हो खोली. तुम्ही म्हणत होता तशीच, तालुक्यातल्या तालुक्यात.

शिंदे कॉम्प्युटरसमोर बसले. कानाला लावायचं यंत्र त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मॅडम, पहिला फोन तुमच्या हातून होऊ द्या. गावातला कुठलाही नंबर द्या. इथून तिथे बाहेर न जाता लागला पाहिजे. तुमचंच गाव आहे, पुष्कळ माणसं असतील."

शिंदे बोटं कीबोर्डवर ठेवून वाट बघत होते. मी पर्समधून मोबाइल काढला आणि त्यातली नावं एकेक करून वर सरकवत गेले, शेवटच्या नावापर्यंत गेले, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"मुंबईचा दिला तर चालेल?" मी विचारलं.

"मुंबईचा कशाला, मॅडम?" शिंदे म्हणाले. "इथल्याच कुणाचा तरी द्या ना."